पैसा आला कुठून, गेला कुठे: यंदाच्या वाचनातल्या आठ कथा

आवडत्या कथांची यादी करायला बसलं की ती लांबतच जाते. म्हणून यंदा चाळणी एकच लावली. ज्या कथेत पैशाचा, मालाचा, कामाचा हिशोब लेखकाने चोख मांडलाय आणि तो हिशोब काढून घेतला तर कथा उभीच राहत नाही, तेवढीच कथा यादीत. अशा आठ निघाल्या. त्यांच्याबद्दल बोलायचं तर शेवट उघडे करावेच लागतात, तेव्हा 'हार' आणि 'कफन' ज्यांनी वाचल्या नसतील त्यांनी त्या आधी वाचून घ्याव्यात. दोन्ही मिळून तासाभराचं काम आहे.

वाचायची रीत सोपी आहे. कथा पहिल्यांदा वाचताना पेन्सिल हातात घ्यायची नाही. घेतली की माणूस वाचक राहत नाही, वह्या तपासणारा होतो आणि कथेतलं दुःख त्याच्या बाजूने निघून जातं. दुसऱ्या वाचनाला वहीचं एक पान घ्यायचं आणि तीन रकाने पाडायचे. पहिल्या रकान्यात कथेत आलेला प्रत्येक आकडा: रक्कम, वजन, दिवस, वर्षं. दुसऱ्यात तो पैसा कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेला ते. तिसरा रकाना महत्त्वाचा: त्या आकड्याची त्याच कथेतल्या दुसऱ्या आकड्याशी तुलना. बहुतेकांची चूक इथे होते. रूबल किंवा फ्रँक म्हणजे आजचे किती रुपये, हे शोधत बसतात. त्यातून काहीच हाती लागत नाही, कारण दीडशे वर्षांपूर्वीच्या भाकरीची आणि कोटाची किंमत आजच्या प्रमाणात नव्हती. माणसाचा पगार किती, आणि ही वस्तू त्याच्या किती महिन्यांच्या पगाराची, एवढंच बघायचं.

गोगोलची 'ओव्हरकोट' (1842) या रीतीने वाचण्यासारखी. अकाकी अकाकियेविच हा नकलनवीस. वर्षाचा पगार चारशे रूबल. जुना कोट पाठीवर इतका विरलाय की ठिगळाला धरायला कापड उरलेलं नाही. पेत्रोविच शिंपी नव्या कोटाचे आधी दीडशेच्या वर सांगतो, पण तो ऐंशीत तयार होईल हे अकाकीला पक्कं ठाऊक आहे. ऐंशी म्हणजे जवळजवळ अडीच महिन्यांचा अख्खा पगार. त्यातले चाळीस त्याच्याजवळ आहेत. खर्च होणाऱ्या प्रत्येक रूबलमागे तांब्याचं एक नाणं डबीत टाकायची त्याची जुनी सवय, त्यातून काही वर्षांत साठलेले. उरलेल्या चाळीसांसाठी संध्याकाळचा चहा बंद, मेणबत्ती बंद. बुटांचे तळवे झिजू नयेत म्हणून रस्त्यावर हलकी पावलं टाकायची. कपडे धुवायला कमी द्यायचे, आणि ते झिजू नयेत म्हणून घरी नुसता झगा घालून बसायचं. पुढे बक्षिसी चाळीस-पंचेचाळीसची अपेक्षित असताना साठ मिळते, आणि आणखी दोन-तीन महिने अर्धपोटी काढल्यावर ऐंशी जमतात. शिलाई बारा रूबल, काम दोन आठवड्यांचं, सगळी शिवण रेशमी दोऱ्याची आणि दुहेरी. कॉलरला मार्टेन या प्राण्याची फर परवडत नाही म्हणून मांजराची, पण दुकानातली सगळ्यात चांगली, लांबून मार्टेन वाटेल अशी.

कोट घालून अकाकी निघतो तेव्हा पेत्रोविच मागोमाग बाहेर येतो, त्याला लांबून न्याहाळतो, मग आडगल्लीतून धावत पुढे जाऊन समोरून पुन्हा एकदा आपलं काम बघतो. एरवी दारूच्या धुंदीत असणारा हा शिंपी आपल्या हातच्या शिवणीसाठी धावतो. गोष्ट पुढे सरकायला या तपशिलाची गरज नव्हती. पण बारा रूबल शिलाई वाजवी होती, याची पावतीच त्या धावण्यात आहे. कोट त्याच रात्री चोरीला जातो. पुढचं पुष्कळांना माहीत असतं. मात्र अकाकी मेल्यावर गोगोल त्याची मालमत्ता मोजून दाखवतो, ती ओळ बरेच जण घाईत ओलांडतात: हंसाच्या पिसांच्या लेखण्यांची एक जुडी, सरकारी पांढऱ्या कागदाचा एक दस्ता, मोज्यांचे तीन जोड, पँटीची तुटलेली दोन-तीन बटणं आणि तो जुना कोट. नवा कोट त्या यादीत नाही. माझ्या मते कथेतलं सगळ्यात जड वाक्य हेच.

मोपासाँच्या 'हार'मध्ये (1884) आकडे आणखी घट्ट बसलेत, आणि शाळा-कॉलेजात शिकूनही ते सुटतात. मातिल्दच्या पोशाखाला चारशे फ्रँक लागतात. नवऱ्याने बंदुकीसाठी साठवलेली रक्कम बरोबर तेवढीच. मैत्रिणीकडून आणलेला हार हरवतो. त्याच्यासारखा दुसरा चाळीस हजारांचा असतो, छत्तीस हजारांत ठरतो. नवऱ्याकडे बापाचे अठरा हजार आहेत, बाकी अठरा हजार कर्ज. ते फिटायला दहा वर्षं. शेवटी मैत्रीण सांगते की हार खोटा होता, फार तर पाचशे फ्रँकचा. आता तिसरा रकाना भरा. अंगावरचा पोशाख चारशेचा, गळ्यातला हार पाचशेचा. त्या रात्री ती जे घालून नाचली ते सगळं जवळजवळ एकाच भावाचं होतं, आणि पोशाख तर तिचा स्वतःचा होता. कथेतला दैवाचा फेरा बाजूला ठेवून हे दोन आकडे शेजारी ठेवले की मोपासाँची खरी कारागिरी दिसते.

शेवट अचानक येतो अशी तक्रार या कथेबद्दल नेहमी होते. ती खरी नाही. हाराच्या डबीवर ज्या जवाहिऱ्याचं नाव आहे त्याच्याकडे नवरा-बायको जातात, तेव्हा तो वही बघून सांगतो की हार त्याने विकलेला नाही, त्याच्याकडून गेली ती फक्त डबी. हार एका दुकानातला आणि डबी दुसऱ्या दुकानातली, एवढी खूण मधोमध ठेवून दिलेली आहे. मैत्रीण हार द्यायला क्षणभरही का-कू करत नाही, ही दुसरी. काही संक्षिप्त भाषांतरांत जवाहिऱ्याचा प्रसंगच गाळतात, आणि मग शेवट खरोखर फसवणूक वाटू लागतो. भाषांतर पारखायचं असेल तर ही डबी त्यात आहे का, ते आधी बघा.

टॉलस्टॉयची, माणसाला जमीन किती लागते ही 1886 ची कथा विदर्भातल्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. पाखोम पहिली जमीन घेतो ती पंधरा देस्यातीन, म्हणजे सुमारे चाळीस एकर. त्यासाठी शिल्लक शंभर रूबल, एक शिंगरू विकून आलेले पैसे, निम्म्या मधमाश्या विकून आलेले, एका मुलाला मजुरीवर ठेवून आगाऊ उचललेली मजुरी आणि वरचे मेव्हण्याकडून उसने. एवढं करून अर्धीच रक्कम उभी राहते, बाकी दोन वर्षांत द्यायची. शेत घेताना घरात काय काय विकलं जातं हे ज्याने बघितलंय त्याला ही यादी लगेच ओळखू येईल. शेवटी हजार रूबलमध्ये दिवसभरात चालून घेरता येईल तेवढी जमीन, अट एकच: सूर्य मावळायच्या आत निघालेल्या जागी परत. वळायची वेळ झालेली असताना पुढे एक ओलसर खोलगट तुकडा दिसतो, तिथे जवस छान येईल म्हणून तो आणखी पुढे जातो. खरी चूक त्या जवसापाशी होते. मूळ रशियनमध्ये त्याच्या वाट्याला तीन अर्शीन जमीन येते, म्हणजे सुमारे सात फूट. मराठीत 'साडेतीन हात' हे माप आधीच तयार आहे, तेव्हा भाषांतरकाराने 'सहा फूट' लिहायचं काही कारण नाही.

'कफन' मात्र मुळातूनच वाचा. 1956 पर्यंत नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होती. हिंदी इथे बाजारातही आहे आणि घरातही, त्यामुळे नागपूरकराला प्रेमचंदांचं भाषांतर लागू नये. घीसू आणि माधव, बाप-लेक, विझत्या शेकोटीत बटाटे भाजून खातायत. आत माधवची बायको बाळंतवेणांनी तळमळतेय. दोघांपैकी एकही उठून आत जात नाही, कारण जो उठेल त्याच्या वाटचे बटाटे दुसरा खाऊन टाकेल. ती मेल्यावर कफनासाठी वर्गणी. जमीनदार दोन रुपये देतो, आणि त्याचं नाव सांगत सांगत तासाभरात पाच जमतात. मग दारूचा गुत्ता, दोन शेर पुऱ्या, सोबत चटणी, लोणचं, कलेजी. त्या खाण्याला आणखी दीड रुपया गेला आणि आता थोडेच पैसे उरले, हे प्रेमचंद न चुकता नोंदवतात.

दोन शेर म्हणजे पावणेदोन किलोच्या वर. इतकी वर्षं उपाशी राहिलेली दोन माणसं एका बैठकीत तेवढ्या पुऱ्यांवर बसतात आणि तरी उरतात. उरलेल्या पुऱ्यांची पत्रावळ माधव भिकाऱ्याला देतो, आणि देण्याचा आनंद आयुष्यात पहिल्यांदा अनुभवतो. या दोघांना नुसते निलाजरे ठरवणारा वाचक या पत्रावळीशी थांबत नाही. कफन शेवटी पुन्हा तेच लोक देतील, हा घीसूचा अंदाज आहे, आणि गावाचा हिशोब त्याला गावापेक्षा जास्त कळतो.

जुन्या कथांतल्या मापांचा एक तक्ता वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावा. 1 एप्रिल 1957 च्या आधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयात 64 पैसे, शंभर नव्हे. त्याआधीच्या कथेत कुणी 'दोन पैसे' दिले तर तो रुपयाचा बत्तिसावा भाग झाला. शेर सुमारे 933 ग्रॅम, तोळा 11.66 ग्रॅम. आजचा सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, म्हणून जुन्या कथेतलं सोनं आपण नकळत थोडं हलकं धरतो.

चेकॉव्हच्या 'दुःख'मधला (1886) इओना हा बर्फावरची घोड्याची घसरगाडी भाड्याने चालवणारा. त्याचा मुलगा याच आठवड्यात गेलाय आणि तो कुणाला तरी सांगायला तडफडतोय. तिघं पोरं गाडीत बसतात, तिघांचे मिळून वीस कोपेक. भाडं रास्त नाही हे इओनाला कळतं, पण आता त्याला भाड्याची फिकीर नाही, गाडीत माणसं हवीत. सांगायला माणूस मिळावा म्हणून त्याने मोजलेली ही किंमत. रात्री तबेल्यात घोडीला तो म्हणतो की ओट्सपुरती कमाई झाली नाही तर गवत खाऊ. आणि मग तिलाच सगळं सांगतो. एवढीच कथा.

ही रीत सगळीकडे लागू पडत नाही. नागपूरचा माणूस यादी करतोय आणि तिच्यात वामन चोरघडे नाहीत, काहून? नरखेडचे, आपल्या जिल्ह्यातले, 1979 च्या चंद्रपूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. पण त्यांची छोटेखानी, काव्यात्म कथा आकड्यांवर तोललेली नसते. तिथे रकाने पाडले तर पान कोरं राहतं आणि कथा हातातून निसटते. ती मोठ्याने वाचायची. जी. ए. कुलकर्णींचंही तेच, शिवाय त्यांचा संग्रह एका दमात वाचायचा नाही. दोन कथांमध्ये दोन-चार दिवस जाऊ द्यावेत, नाहीतर एका कथेचा काळोख दुसरीवर सांडतो आणि शेवटी सगळ्या एकसारख्या वाटू लागतात.

पुस्तकं मिळवायची तर बाबुराव बागूल आणि अण्णा भाऊ साठे यांच्यासाठी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास दीक्षाभूमीवर लागणारे स्टॉल, यापेक्षा चांगली जागा नाही. गर्दीत चेंगरायचं नसेल तर सकाळी लवकर जा, नाव आणि संग्रह चिठ्ठीवर लिहून न्या. एकच कथा वेगवेगळ्या संग्रहांत येते, म्हणून घेण्याआधी अनुक्रमणिका उघडून बघा. नागपुरात सीताबर्डीवर जुनं पुस्तक घेताना फर्मे तपासायचे. फर्मा म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा, तो बहुधा सोळा पानांचा असतो. एखादा फर्मा गळालेला किंवा दोनदा शिवलेला असेल तर 16, 32, 48 अशा पानांच्या आसपास क्रमांक तुटतो. कथासंग्रहात हा दोष फार जाचतो, कारण गळालेल्या सोळा पानांत एक अख्खी कथा जाऊ शकते. 1962 च्या आधीच्या छपाईत 'नाहीं', 'कां', 'घरें' असे अनुस्वार दिसतील. ती छपाईची चूक नाही, त्या वर्षी लेखनाचे नियम बदलले. दोन-तीन पानांत डोळा सरावतो.

भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' शाळेत वाचलेली असते, पण तेव्हा ती 'शेतकऱ्याची व्यथा' या एका प्रश्नाच्या उत्तरात संपते. आता पुन्हा वाचा आणि नजर फक्त भावावर ठेवा. बाजारात टोमॅटो घेऊन बसलेला मुलगा, दिवस चढतो तसा खाली सरकणारा आकडा, घासाघीस करणारं गिऱ्हाईक, आणि शेवटी बापाने स्वतःच्या पायांनी तुडवलेला माल. नागपूरच्या कळमना बाजारात टोमॅटोचे कॅरेट उतरताना ज्याने पाहिलेत त्याला त्यातलं गणित ठाऊक आहे: तोडणीची मजुरी, भाडं, हमाली हे सगळं माल विकण्याआधीच ठरलेलं असतं, आणि अनिश्चित असतो तो एकटा भाव. टोमॅटो दोन दिवस ठेवताही येत नाही. पिकलेला माल परत नेला तर भाडं आणखी वाढतं. बापाचा राग आंधळा नाही, तो या हिशोबातून आलाय.

बागूलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (त्याच नावाच्या संग्रहात, 1963) या कथेत रकान्यात भरण्यासारखे आकडे कमी आहेत. तिथला व्यवहार भाड्याच्या खोलीचा आहे. रेल्वेत नोकरी मिळालेल्या तरुणाकडे भाड्याचे पैसे आहेत, तरी खोली पैशाने मिळत नाही. जात न सांगितल्याने मिळते. ज्या दिवशी जात कळते त्या दिवशी भाडं नाही, मार वसूल होतो. खोली शोधताना पहिला प्रश्न आडनावाचा येतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना कथा जुनी वाटणार नाही.

आणि अण्णा भाऊंची 'स्मशानातील सोनं'. यंदाची माझी सगळ्यात आवडती. वारणेकाठचा भीमा, अंगात राक्षसासारखं बळ, मुंबईच्या उपनगरात खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. मसणवट्यातल्या राखेत त्याला तोळाभर सोन्याची अंगठी सापडते आणि तिथून धंदा सुरू होतो: आधी राख चाळणं, मग पुरलेली प्रेतं उकरणं. अण्णा भाऊ या कामाकडे कामासारखंच बघतात. कुठली राख, कुठला खड्डा, कुणाच्या घरचा मुडदा, हत्यार कोणतं. शेवटच्या रात्री त्याच मुडद्यासाठी कोल्ह्यांचं टोळकं येतं. एकीकडे त्यांच्या भुका, दुसरीकडे याच्या घरच्या. ती झुंज मराठीत लिहिलेल्या सर्वोत्तम मारामाऱ्यांपैकी आहे, कारण त्यात कुणीही दुष्ट नाही.

झुंज जिंकल्यावर भीमा मुडद्याचा जबडा पहारीने उघडतो, सोनं चाचपायला बोटं आत घालतो, आणि पहार निघताच जबडा मिटतो. बोटं दातांत अडकतात. तेवढ्यात गावकरी येतायत. सुटायला तो ज्या पद्धतीने झगडतो तो परिच्छेद हळू वाचा. आधी राग, मग भीती, मग पहार, असा एका क्षणाचा ताण अण्णा भाऊंनी लांबवत नेलाय आणि एकही शब्द वर उडत नाही. डॉक्टर दोन बोटं कापतो. त्याच दिवशी बातमी येते, खाण पुन्हा सुरू झाली. एवढा थोरला भीमा लहान पोरासारखा रडतो.

वहीत या कथेचं पान असं भरलं: पहिल्या ओळीत सोनं, एक तोळा. शेवटच्या ओळीत बोटं, उणे दोन, पहार आणि दगड फोडायची सुतकी धरणाऱ्या हाताची.